तिसरीपासून एआय येतंय, पण तिसरीच्या ८०० तासांत आधीच काय काय आहे?

ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून तिसरी आणि त्यापुढच्या वर्गांत एआय आणि ‘कॉम्प्युटेशनल थिंकिंग’ शिकवलं जाणार. बातमी आली त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, ‘आपल्या वेळी हे असतं तर आज आपण कुठल्या कुठे असतो.’ दुसऱ्या बाजूचं, ‘आधी पोरांना पाढे तर येऊ द्या.’

दोन्ही बाजूंनी तिसरीचं पुस्तक मात्र उघडलेलं नव्हतं. मी ते वीकेंडला उघडलं. बालभारतीच्या साइटवर सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, एनसीईआरटीच्याही मिळतात. फोनवरच वाचता येतात. माझी भाची यंदा तिसरीत आहे, त्यामुळे तिच्या वह्याही चाळल्या. (‘मामा, तुला परीक्षा आहे का?’ असं विचारून झालं तिचं.)

ते सगळं पाहिल्यावर माझं मत असं झालं: तिसरीत एआयची पायाभरणी आधीपासूनच चालू आहे, फक्त तिला ते नाव नाही. म्हणून शिकवावं की नाही यापेक्षा, ते कुठल्या तासात आणि कशाच्या जागी शिकवणार, हा खरा मुद्दा आहे.

नेमकं ठरलंय काय?

हेडलाइन वाचून अनेकांना वाटलं की आठ वर्षांच्या पोरांच्या हातात चॅटबॉट देणार आहेत. घोषणेत तसं नाही. एआयकडे एक मूलभूत कौशल्य म्हणून बघायचं आणि ते ‘द वर्ल्ड अराउंड अस’ या विषयाशी, म्हणजे आपल्या भाषेत परिसर अभ्यासाशी जोडायचं, असा सूर आहे. सीबीएसईने अभ्यासक्रमासाठी आयआयटी मद्रासचे प्राध्यापक कार्तिक रामन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आहे. शिक्षकांचं ट्रेनिंग ‘निष्ठा’ या सरकारी कार्यक्रमातून होईल असं सांगितलंय.

सीबीएसईसाठी हा विषय अगदी नवा नाही. सहावीपासून १५ तासांचं एआयचं छोटं मॉड्यूल आणि नववी ते बारावी ऐच्छिक विषय, हे आधीच चालू आहे. नवीन आहे ते इतक्या खाली, तिसरीपर्यंत येणं.

महाराष्ट्रातली बहुसंख्य मुलं मात्र राज्य मंडळाचा अभ्यासक्रम शिकतात. केंद्राने जाहीर केलं म्हणून उद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ते आपोआप सुरू होत नाही. पण राज्यानेही नव्या धोरणानुसार इयत्तांची पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलायला घेतली आहेत, २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरुवात झाली. म्हणजे आज ना उद्या हा विषय इथेही येणारच.

८०० तासांचं बजेट

सॉफ्टवेअरमध्ये नवं फीचर मागितलं की पहिला प्रश्न असतो, बँडविड्थ किती आहे? शाळेची बँडविड्थ कायद्यात लिहिलेली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलंय. भागाकार केला तर दिवसाला चार तास.

या चार तासांत तिसरीच्या मुलाला मराठी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास करायचा असतो. त्यातच चित्रकला, गाणी, कार्यानुभव आणि खेळ. शिवाय परिपाठ, पोषण आहार, गॅदरिंगची तयारी, १५ ऑगस्टची कवायत. हे आपण सगळे करून आलोय.

आणखी एक आकडा. त्याच कायद्यानुसार ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. चौथीपर्यंतच्या कितीतरी छोट्या शाळांमध्ये एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी बसते. गुरुजी तिसरीला गणितं देऊन चौथीकडे वळतात, तिकडे धडा वाचायला लावून परत इकडे येतात. एकच प्रोसेसर दोन कामं आलटून पालटून करतो, तसंच. चार तासांतले समोरासमोर शिकवण्याचे तास मग आणखी कमी होतात.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा वाद झाला तो आठवा. १६ एप्रिलला आदेश निघाला, १७ जूनला सुधारित निघाला, २९ जूनला दोन्ही मागे घेतले. त्या अडीच महिन्यांत भाषिक अस्मितेवर भरपूर बोललं गेलं आणि ते महत्त्वाचंच होतं. पण या भाषेचे तास कुठल्या विषयातून काढणार, हा साधा प्रश्न फार कमी जणांनी विचारला. एआयच्या बाबतीत तरी तो आधी विचारूया.

पुस्तकात आधीच काय आहे

कॉम्प्युटेशनल थिंकिंग म्हणजे कोडिंग नव्हे. मोठं काम छोट्या तुकड्यांत तोडायचं, त्यात काय परत परत येतंय ते ओळखायचं, गरज नसलेला तपशील सोडून द्यायचा आणि मग पायऱ्या अशा लिहायच्या की दुसऱ्या कुणीही त्या वाचून तेच काम करावं. एवढंच.

आता बाराखडी बघा. पहिलीच्या मुलाने प्रत्येक अक्षर वेगळं पाठ करायचं ठरवलं तर शेकडो आकार होतील. त्याऐवजी तो व्यंजनं शिकतो, स्वरांच्या खुणा शिकतो आणि जोडायचा नियम शिकतो. तिसरीपर्यंत जोडाक्षरंही त्याच पद्धतीने सरावाची होतात. थोडा डेटा आणि एक नियम, यातून हवं ते अक्षर. तुमच्या फोनचा मराठी कीबोर्ड आतून हेच करतो. ‘कि’ टाइप करताना वेलांटी क च्या आधी दिसते, पण युनिकोडमध्ये आधी क साठवला जातो आणि मग वेलांटी, म्हणजे आपण जसा उच्चार करतो तशी. हातानं लिहिताना मुलं नेमकी इथेच गोंधळतात, आधी काय काढायचं म्हणून. दिसण्याचा क्रम आणि अर्थाचा क्रम वेगळा असू शकतो, ही गोष्ट त्यांना त्या वयातच भेटते.

परिसर अभ्यासात नकाशा आणि दिशा येतात. तिसरीचं हे पुस्तक तर प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळं काढलेलं आहे, म्हणजे कोल्हापूरच्या मुलाच्या पुस्तकात कोल्हापूर आणि नांदेडच्या मुलाच्या पुस्तकात नांदेड. गूगल मॅप्स रोज वापरणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता कागदावर काढता येईल? झाड गाळायचं, वळण ठेवायचं, मारुतीचं देऊळ खूण म्हणून ठेवायचं. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला याला अ‍ॅबस्ट्रॅक्शन म्हणतात असं सांगितलं होतं.

पण सगळ्यात भारी प्रकरण आहे गणितातल्या संख्यावाचनाचं.

त्रेसष्ट: आधी तीन की आधी सहा?

६३ लिहा. आधी ६, मग ३. आता मोठ्याने म्हणा: त्रेसष्ट. आधी तीन ऐकू येतो, मग साठ. लिहायचा क्रम एक, बोलायचा उलटा. बाईंनी ‘त्रेसष्ट’ म्हटलं की मूल ऐकू आलेला तीन आधी लिहितं आणि वहीत ३६ उमटतं. त्याला आपण ‘ढ’ म्हणून मोकळे होतो.

कॉम्प्युटरमध्ये या भानगडीला एंडियननेस म्हणतात. मोठी संख्या अनेक बाइटमध्ये साठवताना मोठं टोक आधी ठेवायचं की छोटं? तुमच्या हातातला अँड्रॉइड किंवा आयफोन छोटं टोक आधी ठेवतो. पण इंटरनेटच्या प्रोटोकॉलमध्ये मोठं टोक आधी पाठवायची पद्धत आहे. त्यामुळे नेटवर्कवर काहीही पाठवताना फोनला काही आकडे उलटे फिरवावे लागतात. मराठी मुलाचा मेंदू हेच काम श्रुतलेखनाच्या तासाला करतो, तेही बॅटरी न तापवता.

त्यात आपल्याकडे एकोण- वाले आकडे आहेत. एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी. नावाच्या पोटातच वजाबाकी. एकोणऐंशी, एकोणनव्वद ठीक, पण ९९ ला नियम मोडतो आणि नव्व्याण्णव येतो. इंग्रजीत शून्य ते ९९ बोलायला २८ शब्द पुरतात, बाकी जोडाजोडी. मराठीत नियम इतके वाकतात की जवळजवळ प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं लक्षात ठेवावं लागतं. मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बनवायचं असेल तर शंभर नावांचा तक्ता सरळ भरून टाकणं सोपं पडतं.

२०१९ मध्ये यावरूनच मोठा गदारोळ झाला होता. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात एकवीससोबत ‘वीस एक’ असं वाचनही दिलं होतं. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी कारण समजावून सांगितलं होतं: लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम उलटा असल्याने, शिवाय जोडाक्षरांमुळे, लहान मुलं अडखळतात आणि गणिताची भीती तिथूनच बसते. सोशल मीडियावर आणि विधानसभेतही त्यावर विनोद झाले. तुम्हीही तेव्हा एखादा मीम फॉरवर्ड केला असेल.

मला ते आज एक चांगलं डिझाइन डिस्कशन वाटतं. वापरणाऱ्याला, म्हणजे सात वर्षांच्या मुलाला, नेमकं कुठे अडकायला होतं हे शोधून इंटरफेस सोपा करायचा तो प्रयत्न होता. पटो न पटो, अभ्यासक्रमाबद्दल बोलायचं तर या पातळीवर उतरून बोलायला हवं. एआयच्या चर्चेत ही पातळी अजून दिसत नाही.

एक डबा पानं, शून्य स्क्रीन

मग तिसरीत एआय शिकवायचंच तर कसं दिसेल? परिसर अभ्यासाच्या तासातच जमू शकेल असा एक प्रकार सांगतो.

मुलांनी घरून पानं आणायची. आंबा, जांभूळ, पिंपळ, कडुनिंब, शेवगा. झाडं ओळखणाऱ्या मुलांनी प्रत्येक पानाला नावाची चिठ्ठी लावायची. आता बाकीच्यांनी प्रश्न तयार करायचे, ज्यांचं उत्तर फक्त हो किंवा नाही. एका देठाला खूप छोटी पानं आहेत का? असतील तर कडेला दाते आहेत का? असतील तर कडुनिंब, नसतील तर शेवगा. पान एकच असेल तर टोकाला लांब शेपटी आहे का? असेल तर पिंपळ. उरले आंबा आणि जांभूळ, आणि इथे वर्ग भांडायला लागतो, कारण दोन्ही लांबट, दोन्ही चकचकीत. मग कुणीतरी पान चुरगाळून वास घेतं.

मशीन लर्निंगमध्ये याला डिसिजन ट्री म्हणतात. चिठ्ठी लावलेली पानं म्हणजे ट्रेनिंग डेटा.

खरी मजा पुढे. बाईंनी पिशवीतून आंब्याचं कोवळं पान काढायचं, ते तांबूस असतं. ज्या गटाने ‘आंब्याचं पान गडद हिरवं’ असा नियम केलाय तो लगेच म्हणेल, हे आंब्याचं नाही. बाईंच्या दारातल्या झाडाचंच आहे म्हटल्यावर गडबड उडेल. चूक कुणाची? पानाची नाही. नियम ज्या डब्यावरून केला त्या डब्यात कोवळी पानंच नव्हती. चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअरं काही लोकांच्या बाबतीत जास्त चुकतात त्यामागेही मोठं कारण हेच असतं, डब्यात ते लोक पुरेसे नव्हते. आठ वर्षांच्या मुलाला हे एका तासात कळू शकतं आणि त्याला टॅब लागत नाही, वायफाय लागत नाही. लागतो तो पानं हातात घेऊन भांडू देणारा शिक्षक. अर्थात असा तास घ्यायला तयारी लागते, आणि दोन खोल्यांची शाळा चालवणाऱ्या गुरुजींना ती करायला वेळ कुठून आणायचा, याचं उत्तर ट्रेनिंगच्या व्हिडिओत मिळत नाही.

त्याच वर्गाचं, त्याच वर्षाचं दुसरं टार्गेट

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘निपुण भारत’ सुरू केलं. त्याचं उद्दिष्ट: २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीच्या अखेरीस समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं. मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचणं, ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं, असे त्यातले ठोस टप्पे आहेत.

वर्ष परत वाचा. २०२६-२७. इयत्ता परत वाचा. तिसरी. म्हणजे जी डेडलाइन वाचनाची आहे, त्याच स्प्रिंटमध्ये एआयचं काम टाकलंय.

वाचनाचं काम कुठवर आलंय? ‘प्रथम’ संस्थेच्या असर २०२४ पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या फक्त २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. वजाबाकी येणारी ३३.७ टक्के. यात चांगली बातमीही आहे: सरकारी शाळांमध्ये वाचनाचा हा आकडा २०२२ मध्ये १६.३ होता, तो २०२४ मध्ये २३.४ झाला. कोविडमध्ये पडलेला खड्डा भरून निघाला. म्हणजे वाचन आणि गणितावर लक्ष दिलं की आकडा हलतो. पण अजूनही चारातली जवळपास तीन मुलं मागे आहेत.

आता यांच्यापुढे एआय ठेवलं तर काय होईल? चॅटबॉट उत्तर देतो ते परिच्छेदाच्या परिच्छेद. ते बरोबर आहे का हे तपासायला आधी वाचता यायला हवं. न वाचता येणारं मूल बोलून विचारेल, ऐकून घेईल आणि विश्वास ठेवेल. त्यात मराठीचं वेगळं दुखणं आहे. बऱ्याच मॉडेल्समध्ये तोच मजकूर मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त तुकड्यांत मोडला जातो आणि शिकायला मिळालेला मराठी मजकूरही कमी असतो, म्हणून उत्तरात गडबड होण्याची शक्यता वाढते. जिथे चूक पकडायची जास्त गरज, तिथेच पकडणारा कच्चा.

वापर शिकवण्याची तर मला काळजीच वाटत नाही. त्याच असर पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२.२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांतल्या ७६ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात सोशल मीडिया वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्के मुलांनी. स्वाइप करायला कुणी कुणाला शिकवलेलं नाही.

बाहेर काय चाललंय

बीजिंगने सप्टेंबर २०२५ पासून प्राथमिक आणि माध्यमिक शाळांमध्ये एआय सक्तीचं केलं. ऐकायला जबरदस्त वाटतं, पण अट आहे वर्षाला किमान आठ तास, आणि ते वेगळे घ्या किंवा विज्ञानासारख्या विषयात मिसळा. आपल्या ८०० तासांच्या हिशेबात आठ तास म्हणजे एक टक्का. एस्टोनियाने तर त्याच वर्षी शाळांत एआय साधनं आणताना सुरुवात दहावी-अकरावीच्या मुलांपासून केली.

आठ तास, स्क्रीनशिवाय, परिसर अभ्यास आणि गणितात मिसळून: असं काही तिसरीत आलं तर मी टाळ्या वाजवीन. मला भीती आहे ती दुसऱ्याच चित्राची. चकचकीत वेगळं पुस्तक, वेळापत्रकात आठवड्याला दोन वेगळे तास, शेवटी व्याख्या पाठ करून घेणारी चाचणी, आणि शाळेच्या गेटवर एखाद्या अ‍ॅप कंपनीचा बॅनर. खासगी इंग्रजी शाळांमध्ये काही वर्षांपूर्वी लहान मुलांच्या कोडिंग क्लासची जी लाट आली होती, तिचे पॅम्फ्लेट आठवतात ना?

तुमच्या घरात कुणी दुसरी-तिसरीत असेल तर जूनमध्ये एक करा. नव्या वेळापत्रकाचा फोटो मागवा आणि गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवा. एआयचा तास वेगळा दिसत असेल तर त्या चौकोनात आधी काय लिहिलं होतं ते बघा. वाचन, चित्रकला की खेळ? पालक सभेत तेवढंच विचारा, आणि पानांच्या खेळाचं सांगून बघा. माझ्या भाचीच्या घरी तो झाला. आंबा-जांभूळ वादात ती जिंकली, आणि मला अजूनही वास घेतल्याशिवाय ओळखता येत नाही.